नावाची मालकीण

"मुलीचं नाव तेवढं बदलावं लागंल," जयसिंगचे चुलते म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

आमच्या सोप्यात सुपारी फोडायची बैठक बसली होती. देणंघेणं, मानपान, सगळं बिनबोभाट ठरलं होतं. मी माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होते.

"काय ठेवायचं म्हणता?" माझ्या वडिलांनी, आण्णांनी, विचारलं.

"जयश्री. जयसिंग-जयश्री, पत्रिकेत शोभून दिसंल. येसतारा म्हंजे काय म्हणायचं त्ये? आमच्याकडं कुणी ऐकलंबी न्हाय."

"ऐकलं न्हाय?" आजी कोपऱ्यातून म्हणाली. तिला कमी दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं. "येसूबाई आन् ताराबाई. दोन राण्यांची नावं एका जागी घेतलीत आम्ही. साताऱ्याचं पाणी पिता आन् ऐकलं न्हाय म्हणता?"

चुलते हसले. "आजी, नाव मोठंच हाय. पर आता चालीचं न्हाय. आन् लग्नात नाव बदलायची रीतच हाय की."

खरं सांगायचं तर मी दाराआड खूश झाले होते. जयश्री. ते नाव मी ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं. शाळेत हजेरी घेताना मी "येस सर" म्हटलं, की मागच्या बाकावरून कुणीतरी "येस, तारा" म्हणायचं आणि वर्ग हसायचा. सातवीपासून दहावीपर्यंत हाच विनोद रोज झाला आणि रोज पोरं नव्यानं हसली. आमच्या खोऱ्यात या नावाच्या आणखीही मुली होत्या, सगळ्या माझ्याहून लहान. पण घाट उतरून पाटणला गेलं, की नाव दोनदा सांगावं लागायचं आणि तरी समोरचा भलतंच लिहायचा.

"मग जयश्री," आण्णा म्हणाले. "आमची काय ना न्हाय."

तेवढ्यात आई माझ्या शेजारून पुढं गेली. हातात सुपारीचं ताट होतं. तिनं ते खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "नाव बदलायचं न्हाय."

 माझी आई, अंशाबाई, चुलीशी आणि म्हशीशी बोलायची. पुरुषमाणसांच्या बैठकीत तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. आण्णा तिच्याकडं असे बघायला लागले, जसं कुणी परकंच बाईमाणूस घरात शिरलंय.

"अगं, रीत हाय ती," आण्णा म्हणाले.

"असंल. बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा. नाव ऱ्हाऊ द्या."

चुलत्यांनी बशी खाली ठेवली. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, पण चारचौघांत बाईमाणसानं असं तोडून बोललेलं त्यांना लागलं. "मग सुपारी आज नको फोडायला," ते म्हणाले. "घरात इचार करा आन् पंधरवड्यात कळवा." जयसिंग उठताना दाराकडं बघत होता. मी तिथंच आहे हे त्याला कळलं असावं.

गोठ्यात मी आईला गाठलं. मला जयसिंग आवडला होता. पाटणच्या एस. टी. डेपोत तो मेकॅनिक होता, आणि मला बघायला आला तेव्हा स्वतःच्या काळवंडलेल्या नखांकडं बघून तोच आधी लाजला होता.

"तुझं काय जातंय गं?" मी म्हटलं. "नाव माझं हाय. मला जयश्री आवडलंय."

आई म्हशीचं आंबोण कालवत होती. "तुझं नाव तुझं न्हाय," ती म्हणाली.

"मग कुणाचं? राण्यांचं?"

"हाय एक बाई. तिला इचारू. ती म्हणली बदल, तर मी सवता जयश्रीच्या नावानं हळद दळीन."

"कोण बाई?"

"नगरला असत्यात. उजागरे नर्सबाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आत्याबाईंना कळू द्यायचं न्हाय." आत्याबाई म्हणजे माझी आजी.

एवढं सांगून तिनं घमेलं म्हशीपुढं सरकवलं.

शुक्रवारच्या बाजारात जयसिंग मला दळणाच्या गिरणीपाशी भेटला. डेपोच्या खाकी कपड्यांतच आला होता. आजूबाजूला ओळखीची माणसं होती, म्हणून दोघंही गिरणीच्या पट्ट्याकडं बघत बोललो.

"आईंची अडचण काय हाय?" त्यानं विचारलं.

"मलाबी ठाऊक न्हाय. नगरला एक नर्सबाई हाईत. त्यांना विचारायचं म्हणते."

"मग जाऊ की. मंगळवारी माझी सुट्टी हाय."

"तुम्ही कशाला?"

"बायको माझी व्हायची हाय. नावावरनं हातची जाऊ द्यायची व्हय?" असं म्हणून तो पट्ट्याकडं जास्तच लक्ष देऊन बघायला लागला.

मंगळवारी आई आजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "पोरीला खंडोबाला घेऊन जाते. लग्नाचं अडलंय, त्येला साकडं घालून येते." आईला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही याचं मला नवल वाटलं.

पाटणला कुणी बघू नये म्हणून जयसिंग साताऱ्याच्या स्टँडवर गाडीत चढला. आई खिडकीशी बसली, मधे मी, आणि पलीकडच्या बाकावर तो. पुण्याच्या पुढं आईला डुलकी लागली. तेव्हा तो म्हणाला, "जयश्री तुम्हाला मनापासून आवडलंय का?"

"हो. सोपं हाय. सगळ्यांना लिहिता येतं."

"खरं हाय." थोड्या वेळानं म्हणाला, "मला मात्र येसतारा बरं वाटलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन गाडीखाली पडल्या पडल्या म्हणून बघितलं."

"घरी गाडी हाय तुमच्या?"

"डेपोत. डेपोत जाऊन म्हणायचं होतं."

मी तोंड फिरवून हसले. आईची डुलकी खरी नव्हती, कारण तिच्याही ओठांचा कोपरा हलला.

नगरला लागून असलेल्या भिंगारमध्ये उजागरे नर्सबाई कुणालाही विचारली असती तरी सापडली असती. चर्चच्या मागच्या गल्लीत पोरांनी आम्हाला थेट अंगणापर्यंत पोचवलं. अंगणात बाजेवर जुनं पातळ पसरून एक बाई सांडगे घालत होत्या. पांढरे केस, जाड चष्मा, आणि पाठ अगदी ताठ. आई फाटकातच थांबली. तिच्या चेहऱ्यावर मी असलं काही आधी बघितलं नव्हतं. माहेरच्या उंबऱ्यावर उभी राहिल्यासारखी ती दिसत होती.

"बाई," ती म्हणाली, "मी अंशी. मोरजोतची."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मोरजोत," त्या सावकाश म्हणाल्या. "कोयनेच्या खोऱ्यातलं. नदी ओलांडली की सगळी चढण."

"व्हय, व्हय. त्येच."

"गाव आठवतं. चेहरा नाही आठवत गं, रागावू नको. फार बायका झाल्या हाताखालून. ये, बसा सगळे. हे जावई का?"

"व्हायचे हाईत," आई म्हणाली आणि जयसिंग उगीचच उभा राहिला.

बाईंनी पाणी आणलं. आईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला, वरून न ओतता तोंड लावून प्यायली आणि मग मला पुढं केलं. "ही माझी लेक. तुमच्याच हातावर जलमलेली. नाव सांग बाईंना."

"येसतारा," मी म्हटलं.

"येसतारा. वेगळं आहे," बाई म्हणाल्या आणि परत सांडग्यांकडं वळल्या. "तुमच्या खोऱ्यातलं जुनं नाव असेल."

आई हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. मी आणि जयसिंग एकमेकांकडं बघत राहिलो.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही मला काय म्हणाला हुता, आठवतंय का? माझी पैली येळ. सतरा वर्साची मी. सुईण म्हणली, पोर आडवं हाय, माझ्यानं न्हाय व्हायचं. मग तुमाला बोलावणं धाडलं. तुम्ही डोंगर चढून आला, भर दुपारी."

"मग?"

"आत्याबाईंनी मला बजावलं हुतं, भाईर ओट्यावर सासरे, दीर बसल्यात, त्वांडातनं आवाज काढायचा न्हाय. मी पदराचा बोळा त्वांडात धरलेला. तुम्ही त्यो काढून फेकला आन् म्हणाला, वरड. मी म्हटलं, काय वरडू? आईचं नाव घेतलं तर म्हणत्याल माहेरची आठवण काढती, देवाचं घेतलं तर म्हणत्याल इटाळ झाला. तर तुम्ही म्हणाला..."

बाईंचा हात थांबला होता. "माझ्या नावानं ओरड," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मी सगळ्यांनाच सांगायचे तसं. पहिलटकरणींना तर नक्कीच. ओरडली तर जोर नीट लागतो, आणि त्या काही केल्या ओरडायच्या नाहीत. म्हणायचे, माझं नाव घे, एस्तेर म्हण. माझ्या नावाला तर कुणी काही म्हणणार नाही."

"मी घसा फुटंस्तवर वरडले. येस्तेर, येस्तेर. आन् ही झाली. तुम्ही गेल्यावर आत्याबाई आत आल्या. म्हणल्या, काय गं वरडत हुतीस? आता काय सांगू? तुम्ही पाणी प्यालेला तांब्या त्या राखेनं घासत बसल्या हुत्या. तुमचं नाव घेतलं म्हणले असते तर..." आईनं मान हलवली. "मी म्हणले, आत्याबाई, येसूबाई, ताराबाई अशी राण्यांची नावं घेत हुते, बळ यावं म्हणून. आत्याबाई अशा खूश झाल्या. बाराव्या दिवशी मी म्हटलं, ज्यांची नावं घेऊन पोर सुटली, त्येच नाव ठेवू या की. पाळण्यात आत्याबाईंनी सवता कानात सांगितलं. येसतारा."

मी आईकडं बघत राहिले. सतरा वर्षांची, बाळंतपणातून नुकतीच उठलेली, सासूपुढं उभी राहून दोन राण्या उभ्या करणारी ही कोण होती? मला ती ठाऊकच नव्हती.

बाई बाजेच्या कडेवर बसल्या. हाताला डाळीचं पीठ तसंच होतं.

"मला कसं कळलं नाही हे?"

"बारशाच्या आदीच तुमची नगरला बदली झाली की."

"हो. अचानक आली ऑर्डर." त्या सांडग्यांकडं बघत म्हणाल्या, "सहा वर्षं होते मी त्या खोऱ्यात. निरोपाला सरपंचांनी नारळ दिला, म्हणाले, नर्सबाईंचा सत्कार करतो. नाव त्यांना ठाऊक नव्हतं. एकालाही नव्हतं. बायका कळांपुरतं घ्यायच्या आणि मोकळ्या झाल्या की पुन्हा बाई. मी बोलून दाखवलं नाही कधी. पण गाडीत बसल्यावर वाटलं होतं, एवढं चालले, एवढी पोरं हातात घेतली, आणि मागं नावसुद्धा राहिलं नाही."

"बाप्यांना कशाला ठाऊक असंल?" आई म्हणाली. "त्ये कुठं आत हुते? बायांना ठाऊक हुतं. हिच्या पाठोपाठ पारूला मुलगी झाली. पारूचं पैलं पोर तुमच्याच हातचं. ती मला पाणवठ्यावर म्हणली, अंशे, तुज्या पोरीचं नाव मी ठेवू का? मी म्हटलं, ठेव, सासूला राण्यांचं सांग. मग वरच्या आळीत झाली, मग नदीपल्याड. ज्या ज्या तुमच्या नावानं वरडल्या, त्यांतल्या लई जणींनी ठेवलं. एकीनं सुदीक सासूला खरं सांगितलं न्हाय."

"किती जणी आहेत?"

"आमी कदी मोजल्या न्हाईत. आता न्हाय ठेवत कुणी. रस्ता झाला, बाळातपणाला पाटणला न्हेत्यात. घरोघर टीवी आला, त्यातली नावं ठेवत्यात. पर हाईत त्या हाईत."

बाईंनी चष्मा काढला आणि पिठाचाच हात डोळ्यांना लावला. मी पटकन पाणी दिलं. त्यांनी डोळे धुतले, मग हसल्या. "माझे वडील शाळामास्तर होते," त्या मला म्हणाल्या. "ते सांगायचे, एस्तेर म्हणजे तारा. फारसीत ताऱ्याला तसलाच शब्द आहे म्हणे."

"तारा?" आई म्हणाली. तिला हे अजिबात ठाऊक नव्हतं. तिनं जरा विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "म्हंजी आत्याबाईंशी मी अर्धंच खोटं बोलले."

त्यावर बाई अशा हसल्या, की शेजारच्या अंगणातून कुणीतरी डोकावून बघितलं.

मग आई मुद्द्यावर आली. "आता ह्यांच्या घरची नाव बदला म्हणत्यात. जयश्री. रीतच हाय, त्यांची काय चूक न्हाय. पर नाव तुमचं. तुम्हाला इचारल्याबिगार कसं देऊ? तुम्ही सांगाल तसं."

"मी काय सांगणार?" बाई म्हणाल्या. "माझं मी अजून वापरतेच आहे." त्या माझ्याकडं वळल्या. "काय गं, तुला काय म्हणून हाक मारायची?"

मला कुणी हे विचारलं नव्हतं. बैठकीत चुलते बोलले, आण्णा बोलले, आजी, आई, सगळे बोलले. जयश्री अजूनही मला आवडत होतं. ते खोटं नव्हतं. पण आता ते नाव दुकानातल्या छान पातळासारखं वाटायला लागलं होतं, बघावं, हात लावावा आणि पुढं जावं.

"येसतारा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते दोनदा सांगावं लागणार नाही अशा आवाजात म्हटलं.

जयसिंग इतका वेळ पिंपाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "काकांचं माझ्यावर सोडा."

"काय सांगणार?" मी विचारलं.

"खरं सांगितलं तर गावभर व्हईल, आन् तुमच्या आजींच्या कानावर जाईल." त्यानं डोकं खाजवलं. "मी म्हणणार, काका, राण्यांची नावं पुसायची आन् आपण साताऱ्यात तोंड दाखवायचं कसं? चार माणसं काय म्हणतील?"

आईनं त्याच्याकडं असं बघितलं, की सुपारी तिथंच फुटली असं म्हणायला हरकत नव्हती.

चुलत्यांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, लग्नाच्या दिवशी ते स्वतःच पाहुण्यांना पकडून येसूबाई-ताराबाईंची माहिती देत होते. तांदळाच्या ताटात जयसिंगनं अंगठीनं नाव लिहिलं ते तेच, आणि लिहून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं, बरोबर लिहिलंय ना, असं.

बाई लग्नाला आल्या. एस. टी. नं, एकट्या, निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसून. आईनं त्यांना सोप्यात आजीशेजारीच नेऊन बसवलं. आजीला नीट दिसत नव्हतं, आणि आईनं "नगरच्या पाहुण्या हाईत" एवढंच सांगितलं. जेवणं होईपर्यंत आजी त्यांना माझं नाव कसं ठेवलं ते सांगत होती. "मीच ठेवलं. कानात मीच सांगितलं. दोन राण्यांचं हाय." बाई एकेक घास खात म्हणत होत्या, "फार चांगलं नाव ठेवलंत आजी." आजी इतकी खूश झाली, की तिनं आपल्या पानातली जिलबी उचलून बाईंच्या पानात घातली. आई वाढता वाढता थांबली आणि तशीच आत निघून गेली.

ऊन कलताना बाई जायला निघाल्या. शेवटची गाडी गाठायची होती. मांडवात सगळं खोरं लोटलं होतं, आणि त्यांना मी कुठं दिसेना. मी मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत बायकांच्या गराड्यात बसले होते. बाई मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली. आमच्या खोऱ्यातल्यासारखीच, लांबवून.

"येसतारा."

"ओ," मी म्हटलं.

पण माझी ओ कुणाला ऐकू आली असेल असं वाटत नाही. पाण्याच्या पिंपापाशी पेले विसळणाऱ्या मुलीनं मान वर करून ओ दिली. पंगतीत वाढणाऱ्या दोघींनी दिली. मांडवाच्या खांबाला धरून फिरणाऱ्या, हातात बुंदीचा लाडू असलेल्या एका दहा-बारा वर्षांच्या पोरीनं दिली. मागं भांड्यांच्या ढिगाजवळून, ओट्यावरून, पलीकडच्या अंगणातल्या झोक्यावरून. कुणी मोठ्या आवाजात, कुणी तोंडात घास घेऊन. आणि ज्या मुलींनी ओ दिली, त्यांच्या त्यांच्या आया हातातलं काम टाकून मांडवाच्या तोंडाकडं बघायला लागल्या. पारूमावशीनं कपाळावर हात आडवा धरला, नीट बघितलं, आणि वाढपाचं पातेलं तिथंच खाली ठेवून चालत सुटली. तिच्यामागं दुसरी निघाली, मग तिसरी. पुरुषांना काय चाललंय ते कळेना. ते पान खात बसून राहिले.

बाईंनी मांडवाचा खांब धरला होता. मी उठून त्यांच्यापर्यंत पोचले, तोवर त्या बायकांच्या मधोमध गेल्या होत्या. कुणी पाया पडत होतं, कुणी नुसताच हात धरून उभं होतं, कुणी आपली येसतारा पुढं ढकलत होतं.

"बाई, गाडी जाईल," जयसिंग म्हणाला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली. मी समोरच होते, सगळ्याच समोर होत्या. आता कुणालाही बोलवायचं नव्हतं. तरी त्यांनी मारली, आधीपेक्षा लांबवून, आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.